तुझा नवस, माझे रोडगे

नागपूर,
मार्गशीर्ष वद्य एकादशी

घरचे जावई म्हणून सन्माननीय आणि कॉलेजातले मित्र म्हणून मुळीच नाहीत अशा श्री. शरच्चंद्र यांस, विश्वंभराचा नमस्कार किंवा आशीर्वाद, जो पचेल तो घ्यावा.

इकडे सर्व ठीक. तिकडे गुडघे, पित्त आणि विवेकवादी मंडळाचं चिटणीसपद ही तुझी तिन्ही जुनी दुखणी कशी आहेत? (मायन्यापुरता ‘सन्माननीय’ झालास, आता ‘तू’. सासरचा मान एका ओळीहून जास्त मिळाला की तू फुगतोस.) पत्राच्या माथ्यावर ‘श्री’ काढलेला नाही, तुझ्या भावना दुखावू नयेत म्हणून. कोपऱ्यातला पिवळा डाग भंडाऱ्याचा नव्हे, वरणाचा आहे. आणि या जमान्यात पत्र कशाला, असं विचारशील तर या घरातला प्रत्येक फोन प्रेमा स्पीकरवर टाकते आणि माझ्या फोनवरचे निरोप ती माझ्याआधी वाचते. ही गोष्ट तिच्या कानी जाता कामा नये, हे तुझंच फर्मान.

तर आधी तिच्याविषयी. माझी बहीण, म्हणजे तुझी बायको, उत्तम आहे. छातीतली नवी झडप घड्याळासारखी वाजते म्हणून ती येणाऱ्याजाणाऱ्याला कान लावायला सांगते (दूधवाल्याला मी वेळीच अडवलं). तर्री-पोह्यांकडे सासरी निघालेल्या मुलीसारखी बघते आणि बिनतेलाचे खाते. गल्लीच्या टोकाच्या दत्तापर्यंत चालत जाते. डॉक्टरांनी प्रवासाला परवानगी दिली त्याच दिवशी तिनं बॅग भरायला काढली. ‘हे कधी येणार’ असं ती विचारत नाही. पण तिचं न विचारणं शेजारच्या घरात ऐकू जातं. तू दिवाळीनंतर येतो म्हणालास, मग पेपर तपासायचे निघाले, मग मंडळाचं अधिवेशन निघालं. खरं कारण मला ठाऊक आहे, तिला नाही. तिला वाटू लागलंय की दुखणाईत बायको परत न्यायला नवऱ्याला जड जातंय. असं ती बोललेली नाही. पण परवा बॅगेतल्या दोन साड्या काढून तिनं पुन्हा कपाटात ठेवल्या, आणि माझ्याकडे पाहून, थंडी वाढली ना, म्हणाली. साड्यांचा आणि थंडीचा संबंध मला अजून लागलेला नाही.

ते खरं कारण इथे पुन्हा मांडतो, कारण तुझ्या पत्रात ते इतक्या मुद्द्यांखाली पुरलेलं होतं की मला उकरून काढावं लागलं. रामदासपेठेतल्या इस्पितळात, शस्त्रक्रियेच्या दाराबाहेरच्या बाकावर, मी तुझ्या शेजारी बसलो होतो. दारावरचा दिवा लाल होता. तू डोळे मिटलेस आणि पुटपुटलास, की चंपतच्या मळ्यातल्या मारोत्या, हिला बरी कर, मी माझ्या हातानं रोडगे भाजून तुला घालीन. (मी ऐकलं नाही असं म्हणायला तयार होतो. तूच खांदा धरून ‘ऐकलंस का?’ विचारलंस.) जगात एवढे देव असताना तुला तोच आठवावा याचं मला नवल नाही वाटलं. तुझे वडील नरखेडकडे हेडमास्तर होते तेव्हा चंपतराव तुझ्या बाकावर बसायचा आणि त्याच मारोतीच्या पारावर तुम्ही गणितं सोडवायचात. माणूस घाबरला की लहानपणीच्या पत्त्यावर जातो.

प्रेमा बरी झाली आणि तुझी झोप उडाली. तुझं म्हणणं असं, की करार दोन पक्षांत होतो. इथे दुसरा पक्ष अस्तित्वातच नाही. सबब नवस रद्द. पण दिलेला शब्द मोडायची तुला सवय नाही. सबब तो रद्दही होत नाही. तू स्वतः मारोतीपुढे बसलास आणि कोणी फोटो काढला तर मंडळात काय तोंड दाखवणार? आणि नागपुरात येऊन तो न फेडता परत गेलास तर स्वतःला काय दाखवणार? म्हणून नागपूरच नको. उपाय तुझा तूच काढलास, की विश्वंभरानं नाव न घेता परभारे फेडून टाकावा. शरद, तू पदार्थविज्ञान शिकवतोस. मारोती नसेल तर रोडगे कोणी भाजले यानं काही बिघडत नाही, म्हणजे मी जायचं कारण नाही. आणि असेल तर तुझा हात कोणता नि माझा कोणता हे त्याला कळणार, म्हणजे माझ्या जाण्याचा उपयोग नाही. तरी गेलो. मेहुण्याच्या नात्यात तर्क चालत नाही.

पुराव्याशिवाय मानणं हा बुद्धीचा अपमान आहे, असं तू पत्रात दोनदा अधोरेखित केलंस. यावर माझ्याकडे सांगण्यासारखं फार नाही, पण जे आहे ते विद्यार्थ्यांना सक्तीनं शिकवण्यात आयुष्य गेलंय. घडा दिसला की कुंभार असलाच पाहिजे, तसं जग दिसलं की त्याचा कर्ता असलाच पाहिजे, हे आमच्या न्यायशास्त्राचं जुनं अनुमान. गेल्या वर्षी रितिका नावाच्या मुलीनं उत्तरपत्रिकेत लिहिलं, की घडा पाहून कुंभार आठवतो कारण कुंभार आपण आधी पाहिलेला असतो. जग करताना कोणाला कोणी पाहिलंय? मी तिला पैकीच्या पैकी गुण दिले, घरी आलो आणि रोजच्यासारखा देवापुढे दिवा लावला. लावून झाल्यावर लक्षात आलं, की आपण आत्ताच काय वाचलं. पुरावा नापास झाला होता, आणि दिव्याला त्याचा पत्ताच नव्हता. तेव्हापासून मला वाटतं की पुरावा दुसऱ्याला पटवायला लागतो. स्वतःला लागते ती फक्त कापसाची वात. (हा युक्तिवाद नव्हे. मंडळाच्या मासिकात छापू नकोस.) आणि तू स्वतःला नास्तिक म्हणवतोस त्याविषयीही एक गंमत सांगतो. आमच्याकडे यज्ञातली दर्भाची काडी इकडची तिकडे होऊ न देणारे जे मीमांसक, त्या सगळ्यांत कर्मठ मंडळींना ईश्वराची फारशी गरज वाटत नसे. देव असो नसो, करायचं ठरलेलं कर्म चुकता कामा नये. तू विवेकवादी वगैरे काही नाहीस. तू चुकून पँट घातलेला मीमांसक आहेस.

असो. शनिवारी सकाळी, संत्री आणायला जातो असं प्रेमाला सांगून, कणीक, तूप आणि वांगी घेऊन मी एसटीत बसलो. (संत्री आणायला जाणारा माणूस वांगी घेऊन का जातो, हे तिनं विचारलं नाही. झडप नवी असली तरी नजर जुनीच आहे.) फाट्यावर चंपतराव मोटरसायकल घेऊन उभे होते. कणकेची पिशवी मांडीवर, वांगी पोटाशी, अशा थाटात मी तुझ्या मारोतीपर्यंत पोचलो. आंबिया बहाराची संत्री अजून निम्मी झाडावर होती आणि मळा असा वासानं भरलेला होता की मीच काहीतरी नवस बोलतो की काय असं वाटलं. प्रयागबाईंनी, म्हणजे चंपतरावांच्या मंडळींनी, पार सारवून ठेवला होता. पहिला प्रश्न त्यांचाच.

“कोनाचा नवस हाये जी, सर?”

एका मित्राचा, मी म्हणालो.

“मंग तो काहून नाही आला?”

तो देव मानत नाही, असं मी खरं तेच सांगून बसलो. त्या पदर तोंडाला लावून इतक्या हसल्या की कढईतली फोडणी करपली. देव मानत नाही आणि नवस करते! मित्र वगैरे कोणी नसून ही सगळी माझ्याच लग्नाची खटपट आहे, असं त्यांनी ठरवलं आणि भाजी ढवळताना त्यांच्या भिवापूरच्या एका विधवा मावसबहिणीची माहिती मला दिली. बाई सुगरण आहे, मिरची स्वतः कांडते. तुझं गुपित राखण्यासाठी मी ती सगळी ऐकून घेतली. लक्षात ठेव.

चंपतरावांना मात्र लग्नात रस नव्हता. पेशंट पक्का बरा झाला ना, एवढंच त्यांनी विचारलं, “नाही तं आगाऊ पेमेंट होऊन जाईन.” तू पुरावा पुरावा करतोस, शरद, पण खरा पुराव्याचा माणूस तुझा हा बाकमित्र. त्यांच्याकडे आधी विहिरीवरचा महादेव होता. एका उन्हाळ्यात पंपाची मोटर दोनदा जळली, तेव्हा त्यांनी नारळ महादेवाकडून काढून मारोतीला लावला. “तीन बहार झाले, फळगळ नाही. रिझल्ट पाहा नं, सर.” आणि पुढच्या बहाराला फळ गळलं तर? “मंग पाहू. बांधावरचा मुंजा रिकामाच बसून हाये.” आता मला सांग, भाविक कोण आणि चिकित्सक कोण? हा माणूस देवाला दरसाल तपासून घेतो; आणि तू, ज्याच्या असण्याचा तुझ्यापाशी कणभर पुरावा नाही, त्याला दिलेल्या शब्दापायी झोपत नाहीस.

आता मुख्य प्रसंग. पुण्यात राहून विसरला असशील तर, रोडगा म्हणजे घट्ट कणकेचा गोळा, गोवऱ्यांच्या आरात भाजायचा, फोडून तुपात बुडवायचा. गोळे प्रयागबाईंनी वळले. गोवऱ्या मात्र शेडमधून मीच वाहून आणल्या, मीच रचल्या, मीच पेटवल्या. (बदलीच्या माणसानं एवढं तरी करावं.) धूर निघाला. निघतच राहिला. मागच्या आठवड्यातला अवकाळी पाऊस त्या गोवऱ्यांना विसरता येत नव्हता. जिथे धूर तिथे अग्नी, हे मी आजवर किती पोरांकडून घोकून घेतलंय. त्या दुपारी धूर पार काटोलपर्यंत दिसला असेल, आणि अग्नी म्हणशील तर आत असेलही, पण अनुमानापुरता, रोडगा भाजण्यापुरता नाही. डोळ्यांतून धारा लागल्या. प्रयागबाईंना वाटलं, मावसबहिणीच्या आठवणीनं.

गोळे बाहेरून काळे झाले, आत कणीकच राहिली. एक पारावर ठेवला. झाडावरून एक वानर उतरलं, त्यानं तो उचलला, हुंगला, माझ्याकडे पाहिलं आणि टाकून दिला. चंपतरावांनी मांडीवर थाप मारली. “पाहा! त्याच्या मानसानंच वापस केला. ज्यानं कबूल केलं त्याच्याच हातचा लागते मारोतीले. शरद्याचा हाये ना हा नवस?” मी वाकून गोवऱ्या फुंकू लागलो. पुण्यात राहणारा, देव न मानणारा आणि बायको नुकतीच बरी झालेली, असे त्यांना किती मित्र असणार? “देव नसता तं रोडगे कच्चे राहिले असते काय?” असा त्यांचा बिनतोड सवाल. त्यावर प्रयागबाई उसळल्या.

“मारोतीले काहून मधात आणता? दोन वर्सापासून म्हणून राहिली, शेडवर टिन टाका, टिन टाका! तुमच्या गळक्या शेडीचं पाप त्या देवाच्या माथ्यावर?”

“तू चूप वं. हे वेगळं हाये.”

“काही वेगळं नाही. गोवरी वल्ली, रोडगा कच्चा.”

म्हणजे घटना एक, पुरावा एक, त्यातून नवऱ्यानं देव सिद्ध केला आणि बायकोनं छप्पर. वर्गात हा पाठ शिकवायला मला महिना लागतो. शेवटी प्रयागबाईंनी चुलीवर भाकरी टाकल्या, वांग्याची भाजी होतीच, आणि मारोतीला त्या दिवशी संत्र्यावर भागवावं लागलं. संध्याकाळी लाल डोळ्यांनी आणि धुराच्या वासानं घरी आलो. प्रेमानं संत्र्यांची पिशवी घेतली, माझा सदरा हुंगला आणि पाणी तापवते म्हणाली. तेवढंच.

पुण्याला थंडी असेल, जपून राहा. इकडचा लोभ तुला ठाऊक आहेच. त्याचा पुरावा मागू नये.

तुझा,
विश्वंभर

ता. क. चंपतरावांचा निकाल असा, की नवस अजून खुला आहे. प्रयागबाईंनी मावसबहिणीचा फोन नंबर पाठवला आहे. त्याविषयी मंडळाचं मत कळव.

आणखी ता. क. गुपित राखण्याविषयी तुम्हा दोघांत माझी फार ख्याती आहे. त्या ख्यातीचा आज शेवट. त्या सकाळी स्ट्रेचरवरून आत नेत असताना प्रेमाही देवाशी बोलली होती. वाचले तर यांना पुन्हा कधी ‘देवाला चला’ म्हणणार नाही, आयुष्यभर फार छळलंय मी यांना, असं. दाराबाहेर तू, ज्याला मानत नाहीस त्याला शब्द देत होतास. आत ती, ज्याला मानते त्याच्यापासून तुझी सुटका मागून घेत होती. शब्द ती इतका कडक पाळते की तुला ‘नागपूरला या’ असंही तिला म्हणवत नाही; गल्लीच्या टोकाला दत्त आहे ना, तेही ‘देवाला चला’ व्हायचं. हे तिनं मला चंपतरावांकडे जायच्या आदल्या दिवशी सांगितलं, भाजी निवडता निवडता. तेव्हा तिच्याऐवजी मी म्हणतो, ये. आणि आलास की तिला मारोतीच्या मळ्यात ने. ती ‘चला’ म्हणणार नाही. या खेपेला ‘चल’ तुला म्हणावं लागेल.

शेवटचा ता. क. कोरड्या गोवऱ्या शेडच्या डाव्या बाजूला आहेत, असं प्रयागबाईंनी मला सकाळी बोट दाखवून सांगितलं होतं. तरी मी उजवीकडच्याच घेतल्या. हे चंपतरावांना बोलू नकोस. त्यांनी बिचाऱ्यांनी काल शेडवर टिन टाकलं. मारोतीला सांगायची गरज नाही. असेल, तर त्यानं पाहिलंय.