एकसष्ट क्रमांकाचे पडदे आणि नेमोतो यांचा बिल्ला

प्रति,
मा. देखरेख अधिकारी,
मासळी बाजार कार्यालय,
शिओमिझाकी बंदर.

विषय : पारखी श्री. तोकुजी नेमोतो यांचा बिल्ला परत देणे व ताजेपणा मोजणाऱ्या यंत्रांतील सदोष पडदे काढून घेणे.
संदर्भ : माझे दोन अर्ज व ते परत करणारी आपली दोन पत्रे.

महोदय,

मासळीचा ताजेपणा मोजणाऱ्या यंत्रात बसणारे एन्झाइमचे पातळ पडदे मी यंत्रशाळेत तयार करते. नायलॉनचा पडदा तासभर आम्लात ठेवला की एन्झाइम धरून ठेवण्याजोगी पकड त्याला येते. मग तो सात दिवस मिठाच्या पाण्यात ठेवून रोज तपासायचा आणि तक्त्यावर सहीऐवजी आपल्या नावाचा शिक्का मारायचा. ऑगस्टमध्ये पडदे आम्लात फाटत होते. एकसष्टाव्या खेपेला मी आम्लाचा वेळ दहा मिनिटांवर आणला आणि सातही दिवसांचे शिक्के पहिल्याच सकाळी मारून ठेवले. आमच्याकडे बरेच जण असे करतात. पण हे शिक्के माझे आहेत.

पडदे एक-दोन दिवस बरोबर चालले. मग शिळेपणा ओळखणारे एन्झाइम धुऊन गेले आणि यंत्र शिळ्या मासळीला ताजी म्हणू लागले.

३ सप्टेंबरला लिलावापूर्वी नेमोतो यांनी बांगड्याच्या चौदा पेट्या बोटाने दाबून बाजूला काढल्या. "हा परवाचा आहे," ते म्हणाले. यंत्राने आजचा सांगितला. "आजोबा, बोटांना चष्मा लावा आता," असे कोणी म्हणाले. सगळे हसले. यंत्र पाहायला आलेली मीही हसले. त्याच आठवड्यात त्यांच्या टोपीवरचा पारखीचा बिल्ला आपण काढून घेतला. तो तिथे एक्केचाळीस वर्षे होता.

माझा पहिला अर्ज मासळीचा नमुना जोडला नाही म्हणून परत आला. ती मासळी केव्हाच खाऊन झाली होती. दुसरा परत आला, कारण कोणी आजारी पडल्याची नोंद नाही आणि बाधित व्यक्तीची तक्रार नाही. म्हणून मी नेमोतो यांच्या घरी गेले. ते मुळा किसत होते. "तक्रार कशाची करू, पोरी? तुझा पडदा मी पाहिलेला नाही. मी मासा पाहिला," म्हणाले, आणि मला जेवायला बसवले.

त्या खेपेचे एकोणीस पडदे आजही बाजारात चालू आहेत. आमचे विभागप्रमुख म्हणतात, तक्ता पूर्ण आहे, बदलायचे कारण नाही. नेमोतो रोज पहाटे उघड्या डोक्याने येतात आणि लिलावाच्या जागेभोवतीच्या दोरीबाहेर उभे राहतात. दोन्ही हात खिशात असतात.

तरी पडदे आजच काढावेत, बिल्ला परत द्यावा, आणि हा अर्ज लिलावापूर्वी, जे हसले त्यांच्यासमोर, मला वाचून दाखवू द्यावा.

सहीच्या जागी माझा शिक्का नाही म्हणून हा अर्ज परत करू नये. शिक्का सोबत जोडला आहे; तो मला परत नको.

आपली दोषी,
(हाताने सही)
सावाको उत्सुगी
दि. १२ नोव्हेंबर १९८७

सोबत : १) एकसष्टाव्या खेपेचे पडदे, तीन. २) सात शिक्क्यांचा तक्ता. ३) शिक्का.