माफी मागायला आलेले बाबा

बाबा,

काल तुम्ही आंबिवलीहून डोंबिवलीला माझ्या दारात आलात. शेजारच्या वहिनी बघत होत्या, तरी हसत म्हणालात, "कल्पे, मी दारू सोडली. ज्यानं ही दुनिया केली, त्यानंच येशू होऊन माझ्यासाठी जीव दिला. माझी सगली पापं माफ झाली."

मला आईचा मोडलेला हात आठवला. मी ओरडले, "मार आम्ही खाल्ला आणि माफ देवानं केलं? त्यानं मला विचारलं का?"

तुमची मान खाली गेली. "नाय इचारला, पोरी. म्हणून मीच इचाराला आलो."

मी दार लावून घेतलं. तुम्ही भिंतीला हात घासत हळूहळू जिना उतरलात, ते मी आतून ऐकत उभी राहिले.

माफ करणं मला अजून जमत नाही. हे पत्रही मी टाकणार नाही, कारण लिहितानाच लाज वाटतेय. पिऊन यायचात तेव्हा मीच धावत येऊन दार उघडायचे, हाताला धरून आत आणायचे. काल शुद्धीत आलात, तर साधं पाणीही विचारलं नाही.

तुमचीच,
कल्पिता