दुधनीच्या जीपवरचा वाघ

९ जानेवारी १९७४, बुधवार
आजपासून नंबरप्लेट बंद. अकरा वर्षं सोलापूरच्या नवी पेठेत बसून लोकांचे आकडे रंगवले, आता पुरे. दुधनीचे भुसार व्यापारी चनमल्लप्पा आले होते. सेकंडहँड जीप घेतलीय. धाकट्या मुलाचं लग्न १० फेब्रुवारीला. म्हणाले, "पेंटर, बॉनेटवर वाघाचं कातडं पायजे. लोकांला हात लावून बगावं वाटलं पायजे बगा."
तत्काळ हो म्हणालो. यापूर्वी केलंय का, असं त्यांनी विचारलं नाही. मीही विषय काढला नाही.
जीप घरामागच्या अंगणात लावून घेतली.

१० जानेवारी
हवेने रंग फवारायचा एअरब्रश डबीतून काढला. एका फोटोवाल्याने दुकान बंद केलं तेव्हा घेतलेला. दिसायला पेनासारखा, आतून घड्याळासारखा. दोन वर्षं बायको, प्रेमला, विचारत होती, हे कशासाठी घेतलंत. आज उत्तर मिळालं तिला.
हवेची सोय शेजारी पंक्चरवाल्या चाचांच्या कॉम्प्रेसरवर. चाचा म्हणाले, "ये तो लारी के टायर की हवा है पेंटरसाब, तुमारा पेन उड जाता क्या की." कलेतलं त्यांना काय कळतं.

११ जानेवारी
कपातला सगळा रंग एका दमात माझ्या शर्टावर. प्रेशर कमी करायला सांगितलं. चाचांनी कमी केलं. हसले मात्र.

१४ जानेवारी, संक्रांत
वाघाचा अभ्यास. घरात वाघ एकच, कॅलेंडरवर, शंकराच्या बुडाखाली. महादेवाने नेमका मधला भाग झाकलाय. कडेला चार पट्टे आणि एक पंजा. मधलं इमॅजिनेशनने करीन. आर्टिस्ट त्यासाठीच असतो.
तिळगूळ द्यायला लोक येतात आणि जीपकडे बघून जातात. प्रसिद्धी सुरू झाली.

१७ जानेवारी
बेस मारला. नारिंगी संपला होता म्हणून पिवळा. प्रेमला म्हणाली, "जीपला हळद लागली." लग्नाचीच गाडी आहे, चालेल.
दुपारी दोन गिऱ्हाइकं नंबरप्लेटसाठी आली. परत पाठवली. प्रेमलाने कारण विचारलं. म्हणालो, माणसाने एकदा वर चढायला लागल्यावर खाली बघू नये. ती पोलक्याला झालर लावत होती. म्हणाली, "शिडी तरी बघा."

२१ जानेवारी
काळे पट्टे. पहिला उत्तम. दुसऱ्याला ओघळ. ओघळ झाकायला तिसरा रुंद केला. तिसऱ्याशी जुळावा म्हणून पहिलाही रुंद केला. आता पिवळं शोधावं लागतं.

२४ जानेवारी
आज केस. एकेक केस बारीक फवाऱ्याने. चाळीस केसांनंतर नोझल तुंबला. साफ केला. बारा केसांनंतर पुन्हा. मग वारा सुटला आणि अंगणातली धूळ ओल्या रंगावर बसली. खरखरीत लागतं. कातडंही थोडं खरखरीत असणारच.
प्रेमला मागे उभी. म्हणाली, "तुम्ही डोक्याकडून शेपटीकडे येताय. उलटं करा. झालर लावताना खालची आधी, मग वरची. नाहीतर वरचे केस खालच्यांखाली जातात." तिला समजावलं की शिवण वेगळी आणि पेंटिंग वेगळं. एक वर्ष आर्ट स्कूलला मी होतो, ती नव्हती.

२७ जानेवारी, रविवार
काळा दिवस. चनमल्लप्पा आईला घेऊन आले. नागम्मा, वय ऐंशीच्या आसपास, डोळे मात्र दुर्दैवाने उत्तम. बॉनेटला दोन फेऱ्या मारल्या आणि म्हणाल्या, "इदु हुली अल्ला." चनमल्लप्पांनी विनाकारण भाषांतर करून सांगितलं की हा वाघ नव्हे. मग त्या बरंच काही बोलल्या. त्याचंही भाषांतर मागायला नको होतं. असा कातडीचा रोग गावात एका गाईला झाला होता म्हणे, गावातल्या वैदूने चुना लावला होता.
चनमल्लप्पा रागावले नाहीत, तेच जास्त लागलं. म्हणाले, "जमत नसंल तर सांगा पेंटर. साधा हिरवा मारून टाका. लग्नात हसं नको व्हायला." म्हणालो, फिनिशिंग राहिलंय.
ते गेल्यावर प्रेमला म्हणाली, "दहा दिवसांत एक गिऱ्हाईक नाही. हेही गेलं तर?" मी जेवलो नाही. म्हणजे फक्त भात खाल्ला.

२९ जानेवारी
अंगात ताप. थिनरने डोकं उठलं. आडवा आहे. ठराव: बरा झाल्याबरोबर सगळं खरवडून नव्याने. आता घाई नाही. मन शांत.

३१ जानेवारी
ताप. दिवसभर कॉम्प्रेसरची घरघर. चाचांचा धंदा जोरात दिसतोय. माणसाने नशीब काढावं तर असं.
प्रेमलाने कॉफी आणून दिली. तिच्या नखांत नारिंगी. शेंदूर असेल. माझ्यासाठी मारुतीला गेली असावी. गहिवरलो.

१ फेब्रुवारी
कॉम्प्रेसर आजही. काय पंक्चर होतायत लोक!

३ फेब्रुवारी, रविवार
उठलो. अंगणात गेलो आणि मागे सरलो.
बॉनेटवर कातडं होतं. पिवळं जाऊन तांबूस झालेलं, पट्टे कडेला विरत गेलेले, केसावर केस, सगळे एका दिशेला निजलेले. हात लावला तर गुळगुळीत पत्रा. विश्वास बसेना.
विचार केला. रंगाला सेट व्हायला वेळ लागतो. धूळ झडली असेल. माझं मूळ काम मजबूत होतं.
प्रेमला पडदे झटकत होती. म्हणाली, "बरं वाटतंय का आता?" हो म्हणालो. दोघंही जीपबद्दल बोललो नाही.

५ फेब्रुवारी
चनमल्लप्पा आणि नागम्मा. म्हातारीने हात पुढे केला आणि झटकन मागे घेतला. मग हसायला लागली. "हुली! हुली!" चनमल्लप्पांनी भाषांतर केलं नाही, गरज नव्हती. म्हणाले, "पेंटर, मागचं दार पन असंच करा की. माज्यासमोर. मला बगायचंय कसं करता त्ये."
एअरब्रश हातात घेतला. सगळे जवळ सरकले. चाचाही भिंतीवरून बघत होते. बटण दाबलं. दारावर रुपयाएवढा ठिपका, त्याला सहा पाय.
म्हणालो, तापाने हात थरथरतोय.
प्रेमलाने माझ्या हातातून काढून घेतला. घेतला असं नाही, मी संधी दिली. पदर खोचला, ठिपका पुसला, शेपटीकडून सुरुवात केली. पाऊण तास काम चाललं. मी रंगाचा कप धरून उभा. एकदा म्हणाली, "थोडा पातळ करा." मी पातळ केला. अगदी बरोबर केला होता.
शेवटी नागम्माने तिच्या डोक्यावरून हात फिरवून कानशिलावर बोटं मोडली. माझ्याकडे बघून मान हलवली. चांगली की वाईट, कळलं नाही.
रात्री प्रेमला म्हणाली, "सांगणार होते. तुम्ही तापात होता." मी म्हणालो, ठाऊक होतं मला. तिने दिवा मालवला. मला काहीच ठाऊक नव्हतं, हे इथे लिहायला हरकत नाही.

१० फेब्रुवारी, रविवार, दुधनी
लग्नाला गेलो. आग्रहाचं बोलावणं होतं, प्रेमलाला. नवरदेव जीपमधून आला. एक कुत्रं बॉनेटकडे बघून भुंकायला लागलं ते थांबेचना. एवढा दाद देणारा प्रेक्षक माझ्या कुठल्याही नंबरप्लेटला मिळाला नव्हता.
चनमल्लप्पा पाहुण्यांना सांगत होते, "ह्या पेंटरीणबाई. सोलापूरच्या." मग माझ्याकडे वळून, "आनि हे त्यांच्यासंगट आल्यात." हुग्गी, म्हणजे त्यांच्याकडची गव्हाची खीर, चांगली होती. दोनदा घेतली.

१२ फेब्रुवारी, मंगळवार
दुकान उघडलं. मंगळवेढ्याचे एक गृहस्थ टेम्पो घेऊन आलेले. लग्नात जीप पाहिली होती. त्यांना बिबट्या हवाय, दोन्ही बाजूंनी. मी वही काढली, ठिपके गोल की तुटक विचारलं, प्राथमिक चर्चा उत्तम झाली.
मग ते म्हणाले, "बाई कवा भेटतील?"
विचारून सांगतो म्हणालो.
आत जाऊन विचारलं. शुक्रवारनंतर जमेल म्हणाली.