सासऱ्यांचा चष्मा

मंगरूळपीर

प्रिय गुलाब,

तुझ्या बाळाचा खोकला कसा आहे? माझा चष्मा अकोल्याहून आला बरं का! डाळ निवडताना कपाळ ठणकायचं, डोळ्यांतून धारा लागायच्या, ते सारं थांबलं. आता बारीकशी आळीबी नजरेतून सुटत नाही. डॉक्टरांनी बजावलं, दोन्ही डोळ्यांचा नंबर वेगळा आहे, दुसऱ्याचा चष्मा लावसान तर डोळे जास्तच शिणतील. उजेड बाजूनं घ्या, मधूनमधून काम सोडून दूरच्या झाडाकडे पाहा. मले वाटलं, हे तुझ्या जिजाजींनीच ऐकावं.

पण ते कायले येतात! आमच्या घरची रीत तुले माहीत आहे. जडीबुटीच्या दुकानाच्या गादीवर जो बसतो, तो मागच्याचा चष्मा लावतो. सासरे गेल्यावर चार लोकांसमोर पगडीसंगं तो चष्माबी यांना दिला. म्हाताऱ्याच्या डोळ्यांचा चष्मा यांना बसन कसा? दुपारपासून डोळे चोळून राह्यले असतात, दिवस मावळायच्या आत जेवायले बसले की डोकं धरतात. नवा करायची गोष्ट काढली, तर बापाच्या गादीचा अपमान केला म्हणून ताट सरकवलं. असा राग आला मले!

गुलाब, भीती वाटते वं. परवा रामीबाईले ओव्याच्या जागी गाजराचं बी बांधून दिलं. तिनं वासावरून ओळखलं म्हणून बरं. हे हसून मोकळे झाले, मले काही हसू आलं नाही. तांड्यावरची माणसं यांची पुडी डोळे मिटून पोटात घेतात. त्यायचा भरवसाच तसा.

इथवर लिहून मी दुकान झाडायले गेले होते. हे मंदिरात गेले आहेत. गुलाब, बरण्या पाहून धावतच परत आले. खोकल्यावर देतात ती टाकणखाराची लाही काल मीच बरणीत गळ्यापर्यंत भरली होती, ती तशीच्या तशी आहे. शेजारच्या बरणीत मात्र चमच्याचा खड्डा पडला आहे. ती रसकापुराची, तोबी तसाच पांढरा. खरजेच्या मलमात घालायचा तो, पोटात गेला तर जहर! कालपासून यांनी पांढरी पुडी एकच बांधली, ती तुझ्या बाळाच्या खोकल्याची. तांड्यावरचा हेमसिंग ती घेऊन कालच तुझ्याकडे रिसोडले आला.

नवा कागद घ्यायले वेळ नाही, मोटार उभी आहे. तारघर आज बंद. हे पत्र धनसिंग ड्रायव्हरच्या हाती देते. पुडी बाळाले चाटवू नको. चाटवली असशील तर पुढचं वाचू नको, त्याले उचल आन् डॉक्टरकडे पळ.

नसशील चाटवली, तर धनसिंगसंगं तेवढा निरोप धाड. मोटार परत येईस्तोवर मी स्टँडवरच बसून राहते.

तुझीच,
पानाबाई