शून्य म्हणजे ठीक

सोमवार, ४ मार्च

नवे घर आणि नवी नोकरी, दोन्हींत आज एकाच दिवशी पाऊल पडले. आमची कंपनी ज्येष्ठांच्या इमारतींसाठी दारांची संगणक-प्रणाली तयार करते. तळमजल्यावर कार्यालय, वर सात मजले घरे. चौथ्या मजल्यावरचे एक घर मला मिळाले. आईला वॉकरशिवाय चालवत नाही, आणि घरात आम्ही दोघीच. तिची हाक आली तर दोन मिनिटांत वर पोहोचता यावे, एवढ्यासाठीच मी ही नोकरी धरली.

दाराला किल्ली नाही. कॅमेऱ्यासमोर उभे राहिले की दार उघडते. आत येताना आणि बाहेर जातानाही, कारण काही आजी-आजोबा विसरून भटकत जातात. नोंदणीचा पडदा घराच्या आतल्या भिंतीवर आहे. आम्ही दोघींनी नाव, जन्मतारीख, चेहरा दिला. हिरवी खूण उमटली. आईने विचारले, आता दाराला तोंड दाखवायलाही रोज पावडर लावायची का गं चिमे?

बुधवार, ६ मार्च

प्रणालीचा अभ्यास सुरू केला, आणि मी अक्षरशः हरखून गेले आहे. स्वतःसाठी नीट मांडून ठेवते.

दार सेवा-संगणकाला विचारते, ‘हा चेहरा कोणाचा?’ उत्तर पाकिटासारखे येते. पाकिटावर एक आकडा असतो आणि आत सविस्तर मजकूर. आकडा शून्य असेल तर ठीक, दार उघडा. दुसरा कोणताही आकडा म्हणजे काहीतरी चुकले, दार बंद ठेवा. दार पाकीट फोडत नाही. ते फक्त आकडा वाचते. म्हणून सगळी सुरक्षितता त्या एका आकड्याच्या खरेपणावर उभी आहे. आतला मजकूर कितीही प्रामाणिक असो, आकडा खोटा निघाला की सारे मुसळ केरात.

विभागप्रमुखांना इथे सगळे हिरवेसाहेब म्हणतात. भिंतीवर मोठा फलक आहे; एकही चूक नोंदली न गेलेला दिवस हिरवा दिसतो. सलग तीस हिरवे दिवस झाले की शनिवारी सुट्टी. सध्या चारशे बारावा हिरवा दिवस चालू आहे. साहेबांनी मला बजावले, की पोरी, फलक लाल केलास तर सगळा विभाग तुझ्या नावाने खडे फोडेल.

सोमवार, ११ मार्च

चारशेहून अधिक दिवस एकही चूक नाही, हे मला पटेना. आज चार-दोन पाकिटे फोडून पाहिली.

माझ्या जागेवर आधी काम करणाऱ्याने फलक हिरवा राहावा म्हणून एक ओळ लिहून ठेवली आहे: आत काहीही घडो, पाकिटावर शून्यच लिहावे. आत मजकूर आहे, ‘अशी व्यक्ती नोंदीत नाही’, आणि बाहेर शून्य. म्हणजे दार अनोळखी माणसाला अदबीने आत घेते. इतके ठसठशीत उदाहरण पाठ्यपुस्तकातही सापडायचे नाही!

धावत जाऊन साहेबांना सांगितले. ते म्हणाले, दारे उघडतात ना? एका तरी आजीची तक्रार आली का? मग कशाला खाजवून खरूज काढतेस?

मंगळवार, १२ मार्च

आज आमच्याच दाराच्या नोंदी काढल्या. आम्ही राहायला आल्याच्या दुसऱ्या दिवसापासून कामाच्या प्रत्येक दिवशी सकाळी अकरा वाजून दहा मिनिटांनी ते बाहेरून उघडले आहे. त्या वेळी मी खाली असते.

आईला सहज विचारल्यासारखे विचारले. तिला वाटत होते, मीच पाठवते. एक सडपातळ बाई येते, फार बोलत नाही, पाणी नको म्हणते. नुसती विचारत राहते: आईचे पूर्ण नाव, जन्म कधीचा, माहेरचे आडनाव. आई म्हणाली, तुमच्या ऑफिसचीच असेल, नाहीतर एवढ्या चौकशा कोण करतं?

मी आईला सांगितले, उद्यापासून तिला काही सांगू नकोस. तिने विचारले, का गं, चांगली आहे बिचारी.

बुधवार, १३ मार्च

दार प्रत्येक वेळी छायाचित्र टिपते. अकरा-दहाची सगळी चित्रे पाहिली. बाहेरचा बोळ, समोरचे अग्निशामक नळकांडे, फरशी. माणूस नाही. एकाही चित्रात नाही.

पाकिटात मजकूर, ‘चेहरा आढळला नाही’. पाकिटावर शून्य.

कॅमेऱ्यात दोष असेल. पद्धतशीर विचार करायला हवा. मी नुसत्या वेळांवरून येणे आणि जाणे यांचे कोष्टक मांडले. माझे येणे-जाणे जुळते. तिचे जुळत नाही. येणे सात वेळा.

जाणे एकदाही नाही.

आज दिवसभर घरीच थांबले; अकरा-दहाला दार उघडले नाही. कपाटे, मोरी, पलंगाखाली, सगळे पाहिले. कोणी नाही. आई हसली, म्हणाली, उंदीर शोधतेयस की काय?

गुरुवार, १४ मार्च

साहेबांना पुन्हा विनवले. तोच फलक, तीच सुट्टी. शेवटी म्हणाले, तुझ्या जबाबदारीवर कर, माझं नाव नको.

उद्या ती ओळ काढून टाकते. जसा मजकूर, तसा आकडा. मी स्वतः घराबाहेर जिन्यावर बसेन. अकरा-दहाला कोण येते ते पाहीन, आणि दार त्याला उघडणार नाही.

शुक्रवार, १५ मार्च
सकाळी १०.५५

जिन्यावर आहे. लॅपटॉप मांडीवर, वही शेजारी. आई आत वर्तमानपत्र वाचते आहे. दुरुस्ती चढवली. आता प्रणाली खरे बोलेल.

११.०२

खालून आरडाओरडा. कार्यालयाचे दार बंद, साहेब आतून काच बडवत आहेत. फोनवर ओरडले, काय करून ठेवलंस हे!

इमारतीतले एकही दार उघडत नाही. जिन्याच्या तळाचेही नाही.

११.०६

कळले. नोंदणीचे पाकीटही शून्याचेच होते. हिरवी खूण उमटत होती, पण आत मजकूर होता, ‘साठवता आले नाही’. प्रणाली सुरू झाल्यापासून, चारशेहून अधिक दिवस, कोणाचीच नोंद झालेली नाही. यादी रिकामी आहे. आई नाही, मी नाही. आजवर आम्हा सगळ्यांनाच दार अनोळखी म्हणून आत घेत होते —

आमच्या दारासमोर उभी राहिले. ‘अशी व्यक्ती नोंदीत नाही’.

११.०९

दुरुस्ती मागे घ्यायला प्रवेश हवा, आणि तिथेही चेहराच तपासतात. मला नाकारले; यादी आणि पाकिटे नुसती पाहता येतात. अग्निशमन दलाला फोन केला. वीस मिनिटे म्हणाले.

लिहीत राहिले तर डोके ठिकाणावर राहील. लिहायलाच हवे.

११.१०

बोळात कोणी आले नाही.

कशाला येईल. सात वेळा तरी आली आहे. गेली कुठे आहे?

११.१४

आईला फोन केला. आता साठवणे फसले तर प्रणालीला ते कळते आणि ती नोंद होईपर्यंत पुन्हा प्रयत्न करते, म्हणून तिला सांगितले, पडद्यापाशी जा, नाव आणि चेहरा दे, मग दार तुला उघडेल. ती म्हणाली, जाते गं बाई, घाई करू नकोस, गुडघे माझे आहेत. वॉकरचा आवाज येतो आहे. फोन चालूच ठेवायला सांगितले.

११.१७

यादीत एक नोंद आली. आली! आईचे नाव. आईची जन्मतारीख. माहेरचे आडनाव.

मी फोनवर म्हणाले, शाब्बास आई.

ती म्हणाली, कसली शाब्बास, अजून खोलीच्या दारापर्यंतही आले नाही मी.

११.१८

नोंदीतले छायाचित्र उघडले. आमची बैठकीची खोली. खुर्ची. खिडकीचा पडदा. माणूस नाही.

आईला सांगितले, खोलीत परत जा, आतून कडी लाव. ती विचारते आहे, का — काय झालं —

११.१९

आईने नोंद करून बघितली. ‘या नावाची व्यक्ती आधीच आहे’. आकडा शून्य नाही. म्हणजे आई पडद्यापर्यंत पोहोचली, खोलीत नाही — मी सांगितले होते तिला —

पाकीट खरे आहे. आता सगळीच पाकिटे खरी आहेत — मीच तसे —

११.२०

दारावरचा दिवा. ‘ओळख पटली’. आईचे नाव.

दाराची मूठ आतून फिरते आहे. फोनवर आई कुजबुजते आहे, चिमे, दाराशी मी नाही गं, मी पडद्याजवळ — ती माझ्याकडे बघून — माझ्यासारखंच तोंड केलंय —

दार उघ