फोनमधली पेटी

भाऊबीजेनंतरचा मंगळवार, संध्याकाळ

फुस्स... आमच्या गुरुजींच्या पेटीचा भाता फाटका होता. कवितेला चाल लावताना सुराआधी तेच निघायचं. आज तेच फुस्स नातीच्या फोनमधून ऐकलं. ती नागपूरला, डॉक्टरकीच्या क्लासला. तिथं पेटी कायले?

"काय करून राहिली गं?"

"अभ्यास, आबा. बाजूच्या खोलीत कोणी वाजवत असन."

खोटं. मागून कोणीतरी ओरडलं, "एंट्री घे!" दिवाळीनंतरच्या मंडईचे, म्हणजे जत्रेचे दिवस, गावोगावी रात्रीची नाटकं. पोरगी नाटकात तर नाही? तिच्या बापाला, माझ्या लेकाला कळलं तर? त्याला ती डॉक्टरच व्हायला हवी. माझ्या कविताही माझ्या बाबांनी मला धानाच्या बांधीत, चिखलात जुंपून अशाच बंद केल्या. पण ते फुस्स... लेकाला सांगावं का? की गप्प राहावं?

दार वाजलं. लेकच! लाखनीचं दुकान टाकून, ऐन संध्याकाळी? याला कोणी सांगून दिलं?

"बाबा, चाला. सिहोऱ्याच्या मंडईत आज रात्री पोरीचं नाटक आहे."

"तुले माहीत होतं?"

"मांगच्या रांगेत बसू. मले पाहून भेली, तं वाक्य विसरन."

टोपी शोधतो म्हणून आत आलो नि हे लिहितोय. तो अंगणात उभा आहे. लग्नाकार्यातला सदरा घातलाय त्यानं.