डाव्या गालाची दाढी

मी, दाढी-कटिंगच्या दुकानाचा थोरला भागीदार, उद्या सकाळी माझ्या डाव्या कानामागे कवटीला भोक पाडले जाणार असल्याने आज हे मृत्युपत्र शुद्धीत, राजीखुशीने आणि कोणाच्याही दडपणाशिवाय लिहीत आहे. याआधी मृत्युपत्र केलेले नाही. बायकोला रागाच्या भरात तोंडी काही धमक्या दिल्या होत्या, त्या रद्द समजाव्यात.

कलम १. राहते घर, बँकेतली शिल्लक आणि दुकानातला माझा अर्धा हिस्सा पत्नीला. आमच्या घरात पंखा लावायचा की नाही हे इतकी वर्षे माझ्या गालाने ठरवले. वाऱ्याची झुळूक लागली तरी दाढेपासून डोळ्यापर्यंत कळ जाई आणि हातातला घास हातातच राही. तिने उन्हाळेच्या उन्हाळे घामाघूम होऊन काढले, पण ब्र काढला नाही. (मृत्युपत्रात खोटे नको: दोनदा काढला.) माझ्यामागे तिने पंखा पूर्ण वेगात लावून खुशाल झोपावे. माझा तिच्यावर फार जीव आहे, हे तोंडाने बोलायचे राहून गेले.

कलम २. कोपऱ्यावरच्या दंतवैद्याला काहीही देऊ नये. 'हीच दाढ असणार' म्हणत त्याने माझ्या दोन धडधाकट दाढा आधीच नेल्या आहेत. दुसरी काढताना तो स्वतःच घामाघूम झाला होता, म्हणून त्याला दिलेली शिवी मागे घेतो.

कलम ३. वडिलांचा वस्तरा धाकट्या भावाला.

याला कारण लिहिणे भाग आहे. आमच्या दुकानाची रीत अशी की कारागिराने स्वतःची दाढी स्वतः करायची नाही. शटर उघडण्याआधी मी धाकट्याची करायचो, तो माझी. असाच एकदा त्याचा वस्तरा डाव्या गालावर असताना पहिली कळ आली आणि मी किंचाळलो. गालावर ओरखडाही नव्हता, पण त्याच्या मनाने घेतले की आपल्याच हातून दादाची नस कापली गेली. त्यानंतर त्याने वस्तऱ्याला हात लावला नाही, नुसती कात्री चालवतो. मी डावीकडे दाढी वाढवून उभा, तर गिऱ्हाइके विचारणार, "काय मालक, अर्ध्यातच धार गेली?" सगळे हसायचे आणि धाकटा मागच्या खोलीत निघून जायचा. मी समजावले की म्हणे, "मला बरं वाटावं म्हणून बोलतोस तू."

परवा डॉक्टरबाईंनी फोटो दाखवला. कवटीच्या आत एक रक्तवाहिनी चेहऱ्याच्या नसेला टेकली आहे आणि प्रत्येक ठोक्याला तिला डिवचते आहे. त्या दोघींच्या मध्ये डॉक्टरबाई बारीकशी गादी सरकवणार. मी विचारले, "बाई, हे वस्तऱ्याने होतं का?" त्या म्हणाल्या, "दाढी करताना? अहो, तिथवर पोचायला तलवार लागेल!" धाकटा माझे ऐकत नाही, कागदाचे ऐकतो, म्हणून हे इथे घातले आहे. बाळा, तुझ्या हातून काहीही झालेले नाही. तुझ्या हातच्या दाढीची मला रोज आठवण येते.

कलम ४. उद्या मी परत आलो नाही, तर माझी शेवटची दाढी धाकट्यानेच करावी. दोन्ही गालांची.

ठिकाण: इस्पितळ, खिडकीजवळची खाट.
दिनांक: शस्त्रक्रियेचा आदला दिवस.
सही: थोरला.
साक्षीदार: १. शेजारच्या खाटेवरचे निवृत्त मास्तर. २. वॉर्डातल्या सिस्टर. (ज्याला काही मिळते त्याने साक्षीला सही करू नये असे वकील म्हणाले, म्हणून धाकटा नाही.)

दुरुस्ती, त्याच साक्षीदारांसमक्ष, संध्याकाळी: कानामागचे केस काढायला वॉर्डातला माणूस आला होता. त्याला म्हटले, "थांबा, माझा माणूस येतोय." धाकटा आला. त्याला कलम ३ वाचायला दिले. वाचून तो तडक बाहेर गेला आणि डॉक्टरबाईंना विचारून आला.

"तलवारच म्हणाल्या," तो म्हणाला. मग डोळे पुसले. "मान वळव, दादा."

माझ्या उशाशी ठेवलेला वडिलांचा वस्तरा सिस्टरांनी उकळून दिला. त्याने तो दोनदा कातडीजवळ नेऊन मागे घेतला, तिसऱ्यांदा टेकवला. कानामागे इतके सफाईदार काम झाले आहे की उद्या त्यावर सुरी चालवायची म्हणजे वाईटच वाटते.

वस्तरा हयातीतच दिल्याने कलम ३ खोडले आहे. कलम ४ बद्दल धाकट्याचा आग्रह आहे की तेही खोडावे. डावा गाल तो दुकानातच करणार, शटर उघडण्याआधी. खोडले आहे.

सही: थोरला.